निरोगी नमुना

माझी नणंद काय करते हे लोकांना सांगताना माझ्या नाकीनऊ यायचे. डॉक्टर आहे म्हटलं की समोरचा माणूस लगेच आपला दुखरा गुडघा पुढे करायचा. तसली डॉक्टर नाही म्हटलं, की मग कॉलेजात शिकवते का? तेही नाही. मग अजून शिकतेच आहे की काय, असं विचारून लोक माझ्याकडे बघायचे. जणू मीच तिला दरवर्षी नापास करत होते.

डॉक्टरेट मिळाल्यावर आणि कायमची नोकरी लागण्याआधी या लोकांना जी उमेदवारी करावी लागते, तिला पोस्टडॉक म्हणतात. दोन-तीन वर्षांचा करार असतो. तो संपला की नवीन शहर, नवीन साहेब, नवीन खोली, पुन्हा सुरुवातीपासून आपण किती हुशार आहोत ते पटवून द्या. आमच्या नणंदबाईंनी अशा तीन उमेदवाऱ्या केल्या. तिसरी आमच्याच गावातल्या संस्थेत मिळाली म्हणून त्या आमच्या मागच्या खोलीत येऊन राहिल्या. केस पिकायला लागले तरी गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘तात्पुरती’ हा शब्द होताच. मी गाडी चालवायला शिकवते. मी तिला म्हणायचे, “तुझ्यापेक्षा माझी शिकाऊ माणसं बरी, एकदाचं लायसन्स घेऊन घरी तरी जातात.” ती हसायची. हसून घ्यायची ताकद तिच्यात फार होती, ती कुठून आणायची कोण जाणे.

सासूबाई रोज संध्याकाळी पलंगावरून तिला विचारायच्या, “झालं का गं तुझं कायम?”

“होतंय, आई.”

“होऊ दे बाई एकदाचं. माझे डोळे मिटायच्या आत.” आणि हे बोलता बोलताच त्यांचे डोळे मिटायचे. मरणाने नव्हे, झोपेने. हाही त्यांच्या आजाराचाच भाग होता.

त्या आजाराबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. सासूबाईंच्या स्नायूंमधली ताकद वर्षानुवर्षं हळूहळू जात होती. पापण्या जड झाल्या, घास गिळेनासा झाला, चालणं भिंतीच्या आधाराने आणि मग तेही नाही. सुरुवात मात्र मुठीपासून झाली होती. एखादी वस्तू घट्ट धरली की सोडता येत नसे. बोटं उघडायला सांगितलेली असायची, पण ती ऐकायची नाहीत. तरुणपणी त्यांच्या हातात लोकांचे हात अडकून राहायचे आणि लोकांना वाटायचं, केवढी प्रेमळ बाई! आजाराचं नाव कळलं तेव्हा नणंद कॉलेजात होती. तिने तिथल्या तिथे ठरवलं की आपण याच्यावरच काम करायचं. घरात कुणी तिला सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही.

तिने मला हे सगळं एकदा भाजी निवडताना समजावलं होतं. आपल्या शरीराचा मूळ मजकूर प्रत्येक पेशीत कुलपात ठेवलेला असतो. रोजच्या कामाला त्याची नक्कल काढतात, ती नक्कल म्हणजे आरएनए. आईच्या मजकुरात एका जागी तीनच अक्षरं शेकडो वेळा पुन्हा पुन्हा लिहिली गेली आहेत. तिथली नक्कल इतकी लांब निघते की तिचा गुंता होऊन ती पेशीच्या आतच अडकून बसते.

“बसू दे की,” मी म्हटलं. “कुणाला काय त्रास?”

“वहिनी, समज, घरी एक पाहुणा आला. तो कुणाला मारत नाही, शिव्या देत नाही. फक्त घरातली सगळी भांडी उचलून आपल्या खोलीत नेऊन ठेवतो. आता कर तू स्वयंपाक.”

मला पटलं. असले पाहुणे मी पाहिले आहेत. पेशीतल्या इतर कामांना लागणारी प्रथिनं त्या गुंत्याला जाऊन चिकटतात आणि बाकीची कामं अडून राहतात. चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की हे गुंते अंधारात ठिपक्यांसारखे दिसतात. ती एका औषधावर काम करत होती. औषध दिलं की ठिपके विरघळायला हवेत, एवढंच. त्या एवढ्याशासाठी तिचं अर्धं आयुष्य गेलं.

आता या आरएनएवाल्यांची एक जात असते, ती सांगायला हवी. आरएनए हा पदार्थ भलताच नाजूक. आपल्या बोटांवर, घामात, थुंकीत असं काही असतं की नुसता स्पर्श झाला तरी त्याचा चुरा होतो. म्हणून ही माणसं हातमोज्यांवर हातमोजे घालतात, बाटलीचं झाकण उघडं ठेवून बोलत नाहीत, टेबल पुसतात, परत पुसतात. आमची नणंद घरीसुद्धा जेवणाचं टेबल असं पुसायची की मला वाटायचं, आता इथे कुणाचं तरी ऑपरेशन आहे. आणि प्रयोग बिघडला की या माणसांच्या मनात पहिला विचार एकच येतो, की माझ्या हाताने घाण केली. तसंच घोटून घेतलेलं असतं त्यांच्याकडून. साहेब ओरडतो, “तुझे हात बघ आधी.” वर्षानुवर्षं ते ऐकून माणूस सगळ्या जगावर विश्वास ठेवायला शिकतो, फक्त स्वतःच्या हातावर ठेवत नाही.

औषधाचा गुण पडताळायचा तर आजारी पेशींच्या शेजारी निरोगी पेशीही लागतात. दोन्हींत फरक दाखवायचा तर माणसं बाकी शक्य तितकी सारखी हवीत. म्हणून तिने आईच्या पेशी घेतल्या आणि निरोगी म्हणून आपल्या दादाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. इस्पितळातल्या त्वचेच्या डॉक्टरने रीतसर विचारून, सही घेऊन, दंडाच्या कातडीचा डाळीएवढा तुकडा काढला. आमच्या नवऱ्याचं फोटो-फ्रेमचं दुकान आहे. महिनाभर तो गिऱ्हाइकांना दंड दाखवून सांगत होता, “मी म्हणजे निरोगी नमुना. शास्त्राने मान्य केलेला.” पोट सुटलेलं, थोडं चाललं की दम लागायचा, टक्कल लग्नाच्या आधीपासून, आणि म्हणे निरोगी नमुना! मी त्याला त्याच नावाने हाका मारायला लागले.

पण या निरोगी नमुन्यातही मधूनमधून ठिपके दिसायचे. सगळ्या पेशींत नाही, थोड्यांत. नणंदेने ते मनावर घेतलं नाही असं नाही, उलट फारच घेतलं, पण वेगळ्या दिशेने. तिला वाटलं, आईच्या पेशींचा थेंब दादाच्या बशीत उडाला असणार. तिने पाणी बदललं, बाटल्या बदलल्या, रंगाची कुपी फेकून नवी आणली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर ही चूक शोभत नाही. ती घरी येऊन आंघोळीला गेली आणि तास झाला तरी बाहेर येईना. मी दार वाजवून विचारलं तर म्हणाली, “हात धुतेय.”

अशात ती जागा निघाली. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत आरएनएच्या आजारांवर काम करायला पोस्टडॉक हवा होता, नेमक्या याच आजारावरच्या औषधासाठी. चांगलं काम केलं तर पुढे कायम करू, असंही लिहिलेलं होतं. अशा जागांना एक अट असते: डॉक्टरेट होऊन ठरावीक वर्षं उलटली की अर्जच करता येत नाही. तिची ती वर्षं संपत आली होती. इथला करारही उन्हाळ्यात संपणार होता. ही जागा मिळाली तर काम चालू राहील, नाही मिळाली तर जगात कुठेच तिला या कामाला कुणी हात लावू देणार नाही. हे तिने आम्हाला जेवताना शांतपणे सांगितलं आणि आणखी आमटी वाढून घेतली.

मुलाखत आमच्या झोपायच्या खोलीत झाली, कारण घरातली तेवढीच एक भिंत रिकामी होती. कॉम्प्युटरवर पलीकडे चार-पाच जण. मी लेकीला टीव्ही बंद करायला लावून दाराबाहेर बसले. लेक आमची एकुलती एक, नुकती माझ्या खांद्याला लागलेली आणि आत्याची भक्त. आतून नणंदेचा आवाज छान खणखणीत येत होता. मग कुणीतरी निरोगी पेशींतल्या ठिपक्यांबद्दल विचारलं.

“ते ठिपके माझ्या चुकीमुळे आहेत,” ती म्हणाली. “नमुना दूषित झाला. मी पुन्हा करून पाठवते.”

ते लोक बरे होते. काम आवडलं म्हणाले. निरोगी पेशींचा स्वच्छ फोटो शेवटच्या तारखेच्या आत पाठवा, जागा तुमचीच समजा, असंही म्हणाले. ती बाहेर आली तेव्हा मी तिला मिठी मारली. सासूबाईंना उठवून सांगितलं. त्यांनी “कायम?” एवढंच विचारलं आणि आम्ही तिघी हसलो.

मग तिने शून्यापासून सुरुवात केली. नवऱ्याच्या दुसऱ्या दंडाचा तुकडा काढला. आईच्या पेशी ज्या खोलीत होत्या, तिथे पाऊलही टाकायचं नाही म्हणून दुसऱ्या विभागातली खोली मागून घेतली. नवे हातमोजे, नवी भांडी, सगळं कोरं. पेशी वाढायला वेळ लागतो, त्यांच्यामागे घाई करून चालत नाही. ती रोज जाऊन त्यांना नुसतं बघून यायची. घरी मात्र गाणं गुणगुणायची. इतक्या वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं, आणि सूर बरा नव्हता हेही खरं.

एके दिवशी ती भर दुपारी घरी आली. मी नुकतीच एका शिकाऊ बाईंना रिव्हर्स शिकवून, मानेला झटके खाऊन परतले होते. नवरा जेवायला आला होता. नणंद चपला न काढता खुर्चीवर बसली.

“काय झालं? चेहरा का असा?” मी विचारलं.

ती दादाकडे बघत होती. तो मुरंब्याची बरणी उघडत होता. झाकण निघालं आणि नेहमीप्रमाणे त्याचा हात झाकणावरच राहिला. आमच्या घरातला हा जुनाच विनोद. मी म्हणायचे, “सोडा आता, झाकण पळून जात नाही.” त्या दिवशीही माझ्या तोंडातून तेच निघालं आणि लेक हसली.

“दादा,” नणंद म्हणाली, “मूठ घट्ट आवळ. आता एकदम सोड.”

त्याने आवळली. सोडली. बोटं एकेक करून उघडली, सावकाश, अंगठा सगळ्यात शेवटी.

मी दिवसभर दुसऱ्यांचे हात बघते. स्टिअरिंगवर कुणाचा हात कसा पडला, गिअरवर किती वेळ राहिला, हे बघणं हाच माझा धंदा. आणि हा हात मी लग्न झाल्यापासून बघत होते, त्याच्यावर विनोद करत होते. त्या क्षणी मला सासूबाईंची मूठ आठवली. नवऱ्याला अजून कळलं नव्हतं. तो आपला हात वर धरून म्हणाला, “बघ, झाली की उघडून. थोडा संधिवात असेल.” मग त्याने बहिणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात हळूच टेबलाखाली घेतला.

इतकी वर्षं तिचे हात स्वच्छच होते. ठिपके खरे होते, कोऱ्या खोलीतल्या नव्या पेशींतही तेच दिसले होते. घरात आई त्या आजाराने अंथरुणाला खिळलेली, मुलीने सगळं आयुष्य त्याच आजारात घातलेलं, आणि निरोगी म्हणून तिने निवडला तो भाऊच आजारी. दुसऱ्या कुठल्याही घरात एखाद्या शेजारणीने म्हटलं असतं, अहो, आईचं मुलात आलं असेल. पण हिने तेवढी एक शंका सोडून बाकी सगळ्यावर शंका घेतली, बाटलीवर, पाण्यावर, स्वतःच्या बोटांवर. मला तिचा राग यावा की कीव, तेच कळेना. दोन्ही आलं.

इस्पितळातल्या तपासणीने शिक्कामोर्तब केलं. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, खुर्ची जवळ ओढून बोलल्या. नवऱ्याला सौम्य आहे, सांभाळून राहिलं तर बरीच वर्षं निभेल, फक्त हृदय तपासत राहा. मग मी लेकीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, शक्यता निम्मी-निम्मी. पण काही त्रास नसताना लहान मुलांची तपासणी करत नाहीत. ती मोठी होईल, तिला जाणून घ्यायचं असेल तर ती ठरवेल. मी नणंदेकडे पाहिलं. तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं की हा आजार पुढच्या पिढीत लवकर येतो आणि जोरात येतो. ती खिडकीबाहेर बघत होती. मी जमिनीकडे बघत राहिले. वाटलं, ही फरशी दुभंगली तर बरं.

घरी परतल्यावर मी वेड्यासारखी तिच्या जागेच्या मागे लागले. आता ती जागा फक्त तिची नव्हतीच मुळी. “दुसऱ्या कुणाच्या पेशी घे,” मी म्हणायचे. “कुणाही धडधाकट माणसाच्या. विकत मिळत असतील तर घे. पण फोटो पाठव.”

“वेळ नाही, वहिनी. वाढायला वेळ लागतो.”

“मग मुदत मागून घे!”

तिने मागितली. त्यांनी सभ्य शब्दांत कळवलं की तारीख वरच्यांनी ठरवलेली आहे, हातात स्वच्छ नमुना नसेल तर पुढच्या उमेदवाराला बोलवावं लागेल. त्या दिवसांत ती रोज संस्थेत जायची आणि काही न करता परत यायची. शेवटची तारीख आली तेव्हा घरात सगळे हळू आवाजात बोलत होतो. ती संध्याकाळी आली, आईच्या पायाशी बसली. सासूबाईंनी झोपेतून डोळे उघडून नेहमीचं विचारलं. ती म्हणाली, “हो आई, झालं.” सासूबाई समाधानाने परत झोपल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

उन्हाळ्यात तिचा करार संपला. टेबल रिकामं करून द्यायचं होतं. सामान न्यायला मी गाडी घेऊन गेले. एक लांबट खोली, खिडकीशी ओट्यासारखं टेबल, त्यावर दुसऱ्या कुणाच्या नावाची चिठ्ठी आधीच चिकटवलेली. जे काम कुणी पुढे चालवणार नाही, ते नष्ट करून जायचं असा तिथला नियम. ती पेशी वाढवायच्या चपट्या बाटल्या ओळीने मांडून एकेकीत ब्लीच ओतत होती. आतलं गुलाबी पाणी बघता बघता रंग सोडत होतं.

“या कुणाच्या?”

“आईच्या.” ओतलं. “या दादाच्या.” ओतलं.

“थोड्या ठेव गं,” मी म्हटलं.

“कुठे ठेवू? आपल्या फ्रिजात?” ती हसली. मला हसू आलं नाही.

मग तिने खणातून एक काळा डबा काढला. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या, रंगवलेल्या पेशींच्या काचपट्ट्या होत्या. त्या एकेक करून ती फुटक्या काचांच्या डब्यात टाकू लागली. शेवटची पट्टी तिने हातात धरून ठेवली.

“ही कुणाची?”

“माझी.”

मला आधी कळलंच नाही. मग ती सांगत गेली, पट्टीकडेच बघत. दादाचा दुसऱ्यांदा तुकडा काढला, त्याच सकाळी डॉक्टरकडून तिने स्वतःचाही काढून घेतला होता. एकाला दोन असावेत म्हणून. दोघांच्या पेशी एकत्रच वाढवल्या, एकाच दिवशी रंगवल्या. त्या दुपारी आधी दादाची पट्टी पाहिली.

“आणि ही?”

“ही नाही पाहिली.”

“कधीच नाही?”

“रोज काढायचे डब्यातून. परत ठेवायचे.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडलेच, “म्हणजे तुझ्याकडे होती! शेवटच्या तारखेला इथे, या खणात होती! स्वच्छ निघाली असती तर जागा मिळाली असती ना तुला?”

“मिळाली असती. दादा आजारी, मी निरोगी, आणि त्याच फोटोवर मला नोकरी. तो फोटो पाठवून मी घरी येऊन त्याच्यासमोर जेवायला बसले असते.”

“आणि स्वच्छ नसती निघाली तर?”

“तर वहिनी, तू हल्ली पोरीला पाण्याचा पेला हातात देतेस आणि ती तो खाली ठेवेपर्यंत हलत नाहीस. तशी मी स्वतःकडे बघत बसले असते.”

मला वाटलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नसेल. पलीकडच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता, त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं. मी तिकडे बोट दाखवलं.

“आता तरी बघ.”

“एवढ्या दिवसांत रंग उतरला असेल,” ती म्हणाली.

खरंच उतरतो की ती मला उगाच सांगत होती, ते मला माहीत नाही. मी पुन्हा म्हटलं नाही. तिने पट्टी डब्यात टाकली. डबा काठोकाठ भरलेला होता, त्यामुळे ती फुटलीही नाही, वरच आडवी पडून राहिली. तिने झाकण लावलं आणि ते नीट बसावं म्हणून दोन्ही हातांनी दाबलं.